हवालदार आणि दगडावरच्या सात ओळी

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका गावात गेल्या जुलैमध्ये १९७१ च्या युद्धात लढलेले एक माजी सैनिक वयाच्या ७६ व्या वर्षी घरीच वारले. त्यांचा अंत्यविधी, मृत्यूची नोंद, पत्नीची फॅमिली पेन्शन आणि गावाने बसवलेली स्मृतिशिला, एवढ्या कामांत काय नीट झाले, काय चुकले आणि का चुकले, ते इथे मांडले आहे. घरच्यांच्या खासगीपणासाठी नाव, गाव दिलेले नाही. गावात सगळे त्यांना ‘हवालदार’ म्हणत, इथेही तसेच म्हटले आहे.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे. त्यामुळे खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लजला पल्टनीतला फोटो भिंतीवर असलेली घरे गावोगाव सापडतात. हवालदार १९६८ साली भरती झाले, पहिल्या बटालियनमध्ये म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीत गेले आणि १९९० मध्ये हवालदार हुद्द्यावर निवृत्त होऊन घरी आले. पुढची तीस-बत्तीस वर्षे भातशेती केली आणि पहाटे पाचला गावातल्या पोरांना भरतीसाठी पळवले. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणि दहा पुलअप्स. त्यांनी तयार केलेली पोरे त्यांना ‘उस्ताद’ म्हणत. युद्धाबद्दल ते फारसे बोलत नसत, आणि पुढच्या बऱ्याचशा घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

मृत्यूचा दिवस

पहाटे साडेचारला प्राण गेला. बाहेर धो धो पाऊस, रोप लावणी ऐन भरात, थोरला मुलगा गोव्यात कामाला. सकाळी आठपर्यंत अंगणात शंभरेक माणसे जमली आणि दोन प्रश्न निघाले: सलामी मिळणार का, आणि झेंडा घालायचा का.

सलामीचे आधी. निवृत्त होऊन घरी वारलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला बंदुकीच्या फैरींची मानवंदना मिळते, असा गावोगाव समज आहे. तसा सरसकट हक्क नाही. शौर्यपदक मिळालेल्यांची गोष्ट वेगळी. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करायचे तर त्यासाठी सरकारचा आदेश लागतो. लष्कराकडून पुष्पचक्र घेऊन कोणी येऊ शकते, पण वेळेत कळवले आणि त्यांना माणूस पाठवणे जमले तरच. कळवायचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा थेट स्टेशन हेडक्वार्टरला, म्हणजे लष्कराच्या स्थानिक मुख्यालयाला, आणि कळवताना पाच गोष्टी हाताशी हव्यात: आर्मी नंबर, हुद्दा, पल्टन, पत्ता, अंत्यविधीची वेळ. इथे आर्मी नंबरच कोणाला ठाऊक नव्हता. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेची नोंदपुस्तिका, लोखंडी ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली कुठे ते फक्त हवालदारांना माहीत. एका तरुणाने ओळखीच्या कोणाला तरी फोन केला. पलीकडून ‘बघतो’ असे उत्तर आले आणि गावाने त्याचा अर्थ ‘येतात’ असा घेतला. अकराला निघायची अंत्ययात्रा त्या भरवशावर अडीचपर्यंत थांबली. कोणी आले नाही. पावसात साडेतीन तास ताटकळलेल्या माणसांच्या मनात सरकारने हवालदारांची कदर केली नाही हे कायमचे बसले. खरे तर त्यांची माहिती कोणत्याही कार्यालयात पोचलीच नव्हती.

झेंड्याचे प्रकरण मात्र वेळेवर सावरले. पुतण्याने घरातला तिरंगा काढून आणला होता, ‘हर घर तिरंगा’च्या वेळचा, पॉलिएस्टरचा, साधारण ९०० बाय ६०० मिलिमीटरचा. तो तिरडीवर अंथरणार तोच गावातले निवृत्त सुभेदार पुढे झाले.

“घडी कर आणि आत ठेव. झेंडा असा घालता येत नाही.”

“पण टीव्हीवर घालतात की, साहेब.”

“तो पल्टनीनं घातलेला असतो. आणि चितेवर चढवण्याआधी काढतात. हवालदार असते तर त्यांनी हे चालवून घेतलं नसतं.”

सुभेदारांचे बरोबर होते. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ चा आहे. शासकीय, सैन्यदलांच्या किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यविधीखेरीज राष्ट्रध्वज कशावरही आच्छादन म्हणून घालणे हा त्यात गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लष्कर स्वतः अंत्यविधी करते तेव्हा ध्वजही तेच आणतात. केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात. ध्वजसंहितेप्रमाणे तो कबरीत उतरवायचा नाही आणि चितेत जाळायचा नाही. प्रेमापोटी घरच्यांनी घातलेला झेंडा घाईत तसाच सरणावर जातो, आणि ज्याने आयुष्यभर झेंड्याला सलाम केला त्याच्याच अंगावर तो जळतो. हे टाळायचे तर दारातच एका जाणत्या माणसाने ‘नको’ म्हणायला हवे, स्मशानात पोचल्यावर उशीर झालेला असतो.

झेंड्याऐवजी एका उशीवर त्यांची बेरे कॅप आणि मेडले ठेवून ती उशी अंत्ययात्रेत पुढे न्यायची ठरली. ही पद्धत कायद्यात बसते आणि दिसायलाही रुबाबदार आहे. शेजारच्या गावातले एक निवृत्त बिगुलर आले होते, त्यांनी स्मशानात ‘लास्ट पोस्ट’ ही सैनिकाला निरोप देणारी बिगुलाची धून वाजवली. अकरा माजी सैनिक टोप्या घालून सावधान उभे राहिले. जाणकारांच्या मते सरकारी सलामीपेक्षा हा मान उणा नव्हता, आणि तो गावाच्या हातात होता. अकराच्या ठोक्याला निघाले असते तर सगळ्यांनाच ते तसे वाटले असते.

सरणाबद्दल दोन शब्द. एरवी ३५० ते ४०० किलो लाकूड लागते. पावसाळ्यात लाकूड ओले असते, वरून कितीही तेल ओतले तरी मधे विझते आणि धूर होतो. इथे खाली आणि दोन्ही बाजूंना कोरड्या शेणी रचल्या, जाड ओंडके खाली, फाटे मधे, आणि वर पुन्हा शेणी. शेणी गावातल्या चार घरांतून आल्या. शेडवर पत्रा होता म्हणून निभावले.

एक चूक मात्र तिथे झाली. उशी पावसात भिजू लागली म्हणून कोणीतरी मेडले उचलून हवालदारांच्या सदऱ्याला टाचली, काढताना घाईत एक राहिले आणि चितेत गेले. संध्याकाळी मोजल्यावर हे लक्षात आले. मेडले कोणाच्या ताब्यात आहेत ते एका माणसावर सोपवून, किती दिली आणि किती परत आली हे मोजायला हवे. हे काम दोन मिनिटांचे आहे.

रक्षाविसर्जन आणि मेडल

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला मुलगा आणि सुभेदार तासभर आधी गेले आणि रक्षा चाळणीने चाळली. मेडल सापडले. गोल, ३५ मिलिमीटर व्यासाचे, काळे ठिक्कर पडलेले, रिबन जळून गेलेली. ते संग्राम मेडल होते. हे मेडल तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे असते, आणि तो वितळायला बाराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. लाकडाची चिता एवढी तापत नाही, म्हणून धातू टिकला.

मुलगा चिंच लावून घासायला निघाला होता. सुभेदारांनी थांबवले, आणि हे थांबवणे पुढे फार कामाला आले. भारतीय मेडलांच्या कडेवर, म्हणजे रुपयाच्या नाण्याला जिथे खाचा असतात तिथे, सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेले असते. चिंच, पितांबरी, वाळू यांनी घासले की आधी तीच अक्षरे झिजतात. करायचे ते एवढेच: कोमट पाणी, साध्या साबणाचा फेस, जुना मऊ टूथब्रश, मग सुती कापडाने टिपून घ्यायचे. वाचताना मेडल अंधाऱ्या खोलीत धरायचे आणि मोबाइलची बॅटरी समोरून न मारता बाजूने, अगदी आडवी मारायची. आडव्या उजेडात अक्षरांच्या खोबणीत सावली पडते आणि काळ्या धातूवरही नाव वाचता येते. कडेभोवती थोडे थोडे फिरवत सहा-सात फोटो घ्यायचे. हवालदारांचा पूर्ण नंबर, त्या वेळचा हुद्दा ‘सिपाही’ आणि १९७१ च्या सुमारास लष्कराने नोंदवलेले नावाचे स्पेलिंग असे सगळे मिळाले.

नावाची तीन रूपे

स्पेलिंगला एवढे महत्त्व का, ते सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. इथल्या वयस्कर माणसाच्या नावाची किमान तीन रूपे असतात. भरतीच्या वेळी लष्करी लेखनिकाने ऐकून लिहिलेले एक, बहुधा नाव आणि आडनाव एवढेच. शाळेच्या दाखल्यावर मराठीत वडिलांच्या नावासह दुसरे. आधार आणि रेशनकार्डावर कन्नड वळणाचे तिसरे, शेवटी जादा ‘ए’ लागून ‘रामचंद्र’चे ‘रामचंद्रा’ झालेले, कधी आडनाव आधी आलेले. बायकांचे त्याहून अवघड. लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे पेन्शनच्या कागदावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे. पत्त्याचीही गत तीच. १९६८ च्या कागदावर राज्य ‘म्हैसूर’ आहे, १ नोव्हेंबर १९७३ नंतर ‘कर्नाटक’, आणि जिल्ह्याचे स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले. पत्त्यातला हा फरक कोणी अडवत नाही. नावातला फरक मात्र अडवतो.

इथे मृत्यूची नोंद पुतण्याने केली. २१ दिवसांच्या आत केली हे उत्तम. त्या मुदतीत विलंब शुल्क लागत नाही, ३० दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात पाहिलेल्या डॉक्टरकडून नमुना ४-अ मध्ये मृत्यूचे कारण घ्यायचे आणि नमुना २, म्हणजे मृत्यूच्या नोंदीचा अर्ज, यासोबत द्यायचे, तेही केले. पण नमुना २ मध्ये पुतण्याने गावात प्रचलित असलेले नाव लिहिले आणि वय ‘अंदाजे ८०’. कन्नड आणि इंग्रजीत दाखला आला तेव्हा घरात तो वाचणारे कोणी नव्हते. फाइलमध्ये ठेवून दिला. चूक कळली ती पुढे, पेन्शनच्या वेळी.

दाखला छापण्याआधी नोंद करणारा कर्मचारी मजकूर दाखवतो. तिथे हातात पेन्शनचा कागद, म्हणजे पीपीओ, धरून एकेक अक्षर जुळवायचे. आपल्याला कन्नड येत नसेल तर इंग्रजी ओळ जुळवायची. एकदा दाखला निघाला की साधी लेखनचूक नोंदणी अधिकारी दुरुस्त करतो, पण मूळ माहितीच चुकीची दिलेली असेल तर प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन आणि पुरावे जोडावे लागतात. इथे सुभेदार आणि गावातले एक निवृत्त शिक्षक यांनी निवेदन दिले, सोबत डिस्चार्ज बुकच्या प्रती. ट्रंकेचे कुलूप तोवर तोडले होते. डिस्चार्ज बुकावरचे पहिले पान ओलीने पुसट झालेले, नावातली दोन अक्षरे गेलेली. ती दोन अक्षरे मेडलच्या कडेवर शाबूत होती. मेडल हा काही सरकारी पुरावा म्हणून जोडला नाही, पण कोणते स्पेलिंग मागायचे हे त्यावरून ठरले, आणि सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसातल्या नोंदीशी ते जुळले.

मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, हे इथल्या कुटुंबांचे भाग्य म्हणावे लागेल. दुसऱ्या रेजिमेंटमधल्या माणसाच्या विधवेला त्यासाठी दूरच्या राज्याशी पत्रव्यवहार करावा लागतो.

वहिनींची पेन्शन

हवालदारांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणतात. वय सत्तरीचे. फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, पण ती आपोआप सुरू होत नाही. मृत्यू कळवावा लागतो. आता बहुतेक संरक्षण पेन्शन ‘स्पर्श’ या प्रणालीतून, प्रयागराजच्या कार्यालयामार्फत निघते, आणि मृत्यूची सूचनाही तिथेच द्यायची: मृत्यूचा दाखला, पीपीओ, पत्नीचे आधार, पॅन, बँक पासबुक. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांनी स्पर्शच्या सेवा केंद्रात जावे.

या घराने दोन महिने मृत्यू कळवलाच नाही. कारण साधे होते. हवालदारांच्या खात्यावर पेन्शन जमा होत राहिली, एटीएम कार्ड मुलाकडे होते, आणि ‘चालू आहे तोवर चालू दे’ असे कोणीतरी सांगितले. हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि तो घातक आहे. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन वसूल होते, आणि तोवर घरच्यांनी ती खर्च केलेली असते. वहिनींची पहिली थकबाकी आली तेव्हा त्यातून ती रक्कम वजा झाली. नुकसान असे नव्हे, पण बाराव्याला जमेल तसा केलेला खर्च त्या पैशांवर झाला होता आणि मधे घरात ओढाताण झाली.

हिशेब सांगायचा तर, साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, किमान ९,००० रुपये मूळ आणि त्यावर महागाई सवलत. ५० टक्क्यांची वाढीव फॅमिली पेन्शन निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सात वर्षे किंवा मृत व्यक्तीचे वय ६७ झाले असते तोपर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तितकीच मिळते. हवालदार ७६ चे होते, म्हणून ती इथे लागू नव्हती. कोणीतरी वहिनींना ‘अर्धी मिळते’ असे सांगून ठेवले होते, त्यामुळे आलेली रक्कम बघून त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. त्यांच्याजवळ बसून, कागदावर आकडे मांडून समजावल्यावरच तो गैरसमज गेला.

खरी अडचण दुसरीच निघाली. १९९० च्या पीपीओवर वहिनींचे नाव होते, तेही माहेरचे, आणि जन्मतारखेची जागा कोरी. नावासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून रेकॉर्ड ऑफिसला दिले. ते काम झाले आणि पेन्शन सुरू झाली. जन्मतारखेकडे मात्र बहुतेक घरे दुर्लक्ष करतात, कारण तिच्यावाचून आज काही अडत नाही. अडते ते पुढे. पेन्शनर किंवा फॅमिली पेन्शनर ८० वर्षांचा झाला की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. नोंदीत तारीखच नसेल तर वय झाले हे प्रणालीला कळणार कसे? सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे नवरा हयात असताना, त्याच्या सहीने, ही नोंद करून घेणे. विधवेला तेच काम तिप्पट फेऱ्यांचे पडते.

याच फेऱ्यांत ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड आणि कँटीन कार्डही बदलून घ्यायचे असते. ईसीएचएस विधवेला चालू राहते, फक्त मृत सदस्याचे कार्ड जमा करून नोंद बदलावी लागते. आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला.

पॅराशूट कुठून आले

बाराव्या दिवशी गावाने श्रद्धांजली सभा ठेवली. वेशीत मोठा बॅनर लागला. त्यावर तीन विधाने होती: ‘शहीद’, ‘कारगिल योद्धा’ आणि ‘ढाक्यावर पॅराशूटने उतरलेले वीर’. तिन्ही चुकीची.

कारगिलचे उत्तर सोपे आहे. ते युद्ध १९९९ चे, हवालदार १९९० ला घरी आले होते. बॅनर करणाऱ्या पोरांच्या आठवणीत युद्ध म्हणजे कारगिल. ‘शहीद’ शब्दावर मात्र सभेत वाद झाला. काहींना वाटले, शब्द मोठा आहे तर राहू द्या. पण गावात खरोखर कर्तव्यावर असताना मरण आलेल्या एका जवानाचे घर आहे. त्याची आई सभेला बसली होती. वयाने, घरात, माणसांत मरण येणे यात कमीपणा काहीच नाही, आणि त्या आईसमोर हा शब्द असा वापरणे बरोबर नव्हते. सुभेदारांनी उठून तेवढेच सांगितले आणि बॅनर उतरवला गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर हवालदारांचे नाव यावे अशी मागणीही एकाने केली होती. २५ फेब्रुवारी २०१९ ला खुल्या झालेल्या त्या स्मारकावर कर्तव्य बजावताना प्राण दिलेल्यांचीच नावे कोरतात. हवालदारांचे नाव गावातच लागायला हवे होते.

पॅराशूटचा उलगडा झाला तो एका ध्वनिमुद्रणामुळे. भाचीच्या फोनमध्ये हवालदारांचे अकरा मिनिटांचे बोलणे निघाले, गणपतीच्या दिवसांतले, मागे आरतीचा गोंगाट. त्यात ते ‘नदी’ म्हणतात, ‘जमालपूर’ म्हणतात, रात्रीचा गोळीबार सांगतात, आणि शेवटी एक वाक्य: “मग पुढं छत्रीवाले गाठ पडले, आपलीच माणसं, मराठीत बोलाय लागली.” ऐकणाऱ्यांनी त्यातली छत्री तेवढी धरली.

युद्धाच्या इतिहासाशी हे ताडून पाहिले तर बोलणे तंतोतंत बसते. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखालची पहिली मराठा, म्हणजे हवालदारांची पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या पिछाडीला गेली होती. १० आणि ११ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीने जमालपुरातून दक्षिणेकडे निसटायचा प्रयत्न केला, तो पहिल्या मराठाने मोडून काढला. ११ तारखेला टांगाइलजवळ दुसरी पॅरा बटालियन छत्र्यांनी उतरली, आणि दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून आलेली पहिली मराठा तिला जाऊन मिळाली. ती दुसरी पॅरा म्हणजे १९५२ पर्यंतची तिसरी मराठा. म्हणून परक्या मुलखात छत्रीवाले मराठीत बोलले. हवालदार पॅराशूटने उतरले नव्हते, उतरलेल्यांना भेटले होते. आमच्या मते खरी हकिगत बॅनरवरच्या हकिगतीपेक्षा कितीतरी सरस आहे, आणि तीच विसरली जाणार होती.

अकरा मिनिटे तरी होती हे नशीब. ज्यांच्या घरी असा माणूस हयात आहे त्यांनी मुद्दाम बसावे. पंखा आणि टीव्ही बंद, फोन विमान मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. ‘शौर्य सांगा’ म्हटले की माणूस गप्प होतो. गावाचे नाव, थंडी किती होती, जेवायला काय मिळायचे, शेजारी कोण होता, असे विचारले की बोलतो. रडू आले तर थांबायचे, त्या दिवशी पुढे विचारायचे नाही. आणि त्याच वेळी डिस्चार्ज बुकाची सगळी पाने, कोरी पानेसुद्धा, फोटो काढून तीन ठिकाणी ठेवायची.

दगड

स्मृतिशिलेचा मजकूर आधी चोवीस ओळींचा होता. विशेषणे काढली, पुराव्याने न टिकणारे काढले, सात ओळी उरल्या: हुद्दा आणि नाव; पहिली बटालियन, मराठा लाइट इन्फंट्री; सेवा १९६८ ते १९९०; जमालपूरच्या लढाईत सहभाग, डिसेंबर १९७१; ‘पूर्वी स्टार’ आणि संग्राम मेडल ही दोन पदके; जन्म आणि मृत्यूचे साल; आणि शेवटी ‘गावातील २३ जवानांचे उस्ताद’. गावात सगळे ‘शंभर पोरं भरती केली’ म्हणत. हवालदारांच्या वहीत भरती झालेल्यांची नावे त्यांनीच लिहून ठेवली होती. मोजली, तेवीस भरली. तेवीसच कोरले. आर्मी नंबर दगडावर घातला नाही, कारण पेन्शनच्या व्यवहारात तो चालतो आणि उघड्यावर ठेवण्यासारखा नाही.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबई इलाख्यातल्या गावांत इंग्रजांनी संगमरवरी पाट्या लावल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढेच त्यांवर आहे, नाव एकाचेही नाही. आणि त्याही आधीचे, हलशीच्या कदंब राजांच्या मुलखातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड: खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. त्यांतल्याही बहुतेकांची नावे आज कोणी सांगू शकत नाही. नाव, साल आणि ठिकाण हे तिन्ही कोरायला जागा फार लागत नाही.

जागा शाळेच्या कुंपणाशेजारी ठरली. ती पंचायतीची, म्हणून ठराव हवा. भाषेचा प्रश्न तिथे आला आणि तो शांतपणे सुटला, याचे श्रेय घरच्यांना द्यायला हवे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देता येतो, पण काम लवकर व्हावे म्हणून त्यांनी मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडली. दगडावर मजकूर मराठीत आणि त्याखाली तोच कन्नडमध्ये. मराठा लाइट इन्फंट्रीत कन्नड बोलणारे जवानही आहेत, आणि वहीतल्या तेविसांपैकी चौघे शेजारच्या कन्नड वस्तीतले होते. त्यांना आपल्या उस्तादांची पाटी वाचता यायला हवी होती.

काळा ग्रॅनाइट, तीन फूट बाय दोन फूट, १८ मिलिमीटर जाड. अक्षरे पंचवीस मिलिमीटर उंच, रस्त्यावरून सात-आठ मीटरवर वाचता येतील अशी. मराठीला ओळींत जास्त अंतर लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. कोरणाऱ्याच्या संगणकावर जुने फॉण्ट होते, मोबाइलवरून पाठवलेला मजकूर त्यात उतरवताना रफार सरकला आणि ‘इन्फंट्री’तला ‘ट्री’ तुटला. कारागीर कन्नड भाषक, त्याला ते दिसणे शक्य नव्हते. म्हणून मजकूर आधी दगडाच्या मापाच्या कागदावर छापून घेतला, शाळेच्या भिंतीला चिकटवला आणि तिघांनी वेगवेगळा मोठ्याने वाचला. दोन चुका तिसऱ्या वाचणाराला सापडल्या, सातवीतल्या मुलीला. अक्षरे खोल कोरून रंग भरला आहे. रंग पाच-सहा पावसाळ्यांत उडेल, खोबण राहील.

१६ डिसेंबरला, विजय दिवशी, शिला बसली. मेडलला बेळगावच्या कॅम्पातून नवी रिबन आणून लावली, धातू मात्र वहिनींनी उजळू दिला नाही. त्यांच्या जन्मतारखेचा अर्ज आधार आणि प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसला दिला आहे. पोच मिळाली आहे, नोंद अजून व्हायची आहे.